दाराबाहेरची चार मिनिटं

तिचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत होतं, शाळेच्या दाखल्यावर होतं आणि पुढे पासपोर्टवरही आलं. बाकी सगळीकडे ती भागूबाईच होती. हे नाव तिला दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, ती पाच वर्षांची असताना ठेवलं. पाल दिसली की ती ताट सोडून पळायची, दिवा लुकलुकला की आईच्या कुशीत शिरायची, आणि बाईंनी फळ्याजवळ बोलावलं की येत असलेलं गणितसुद्धा विसरायची. "ही आपली भागूबाई," दादा म्हणाला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. भागूबाई मोठी झाली, लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं, आणि तीही त्याच दवाखान्यात नर्सची मदतनीस म्हणून लागली. एकवीस वर्षं एकाच वॉर्डात. कुठल्या खाटेची कळ बिघडली आहे, कुठला नळ गळतो, कुठले डॉक्टर सकाळी ओरडतात आणि कुठले संध्याकाळी, सगळं तिला पाठ होतं. पाठ झालेल्या गोष्टींना माणूस फारसं भीत नाही, त्यामुळे तिचं बरं चाललं होतं.

बेचाळिसाव्या वर्षी एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी एक पत्र वाचून दाखवलं. दूरच्या एका देशातल्या चर्चच्या मंडळीने एक सेवाघर चालवलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन औषधपाणी, आंघोळ, मलमपट्टी करायची. माणसं कमी पडत होती. दवाखान्याच्या कामाची सवय असलेलं कुणी दोन वर्षांसाठी जाईल का, असं पत्रात विचारलं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून सगळ्यांकडे पाहिलं. भागूबाईचा हात वर होता.

घरी आल्यावर आईने विचारलं, "हात तूच वर केलास ना? की मागच्या बाकावरून कुणी धरून वर केला?"

"मीच केला."

"घरातला दिवा गेला तर मला हाक मारतेस. तिथे कुणाला मारणार?"

 हात का वर गेला, ते भागूबाईला माहीत होतं. आज हात खाली राहिला तर तो जन्मभर खालीच राहील, अशी त्या क्षणी तिला भीती वाटली होती. म्हणजे हात वर गेला तोही भीतीपोटीच.

निरोपाच्या दिवशी मंडळीने तिचा फोटो देवळाच्या फलकावर लावला. दादा म्हणाला, "आता तुला वेगळं नाव शोधायला हवं." ते त्याने थट्टेत म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिच्या मनावर ओझ्यासारखं बसलं. ही माणसं आता आपल्याकडे काय समजून बघणार आहेत, या विचाराने तिने विमानात काही खाल्लं नाही.

सेवाघर म्हणजे तीन मजली इमारत. खाली व्हरांड्यात कोट अडकवायच्या खुंट्या, प्रत्येकीवर आकडा. सगळीकडे साबणाचा वास. तिच्या खोलीत आणखी एक बाई होती, तिसऱ्याच कुठल्या देशाची, धुलाईखान्यात काम करणारी. ती इतक्या जोरात घोरायची की भागूबाईने मनातल्या मनात तिचं नाव भोंगा ठेवलं. पुढे मैत्री झाल्यावर तिला ते सांगूनही टाकलं. भोंगा हसून म्हणाली, "माझा नवरा तर मला ट्रक म्हणायचा. तू पुष्कळ सभ्य आहेस."

सेवाघराच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. साठीच्या, उंच, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिला दीड महिना त्यांनी नव्या बायकांना तिथली भाषा आणि तिथल्या रीती शिकवल्या. भागूबाईला भाषेपेक्षा रीती अवघड गेल्या. कुणालाही काका, मामा, आजी म्हणायचं नाही. आपण होऊन अंगाला हात लावायचा नाही. प्रार्थना मनात हवी तितकी करा, मोठ्याने मात्र समोरच्याने मागितली तरच. एकवीस वर्षं प्रत्येक खाटेपाशी हात जोडून उभ्या राहिलेल्या बाईला हे ऐकून आपण इथे आलो कशाला, असंच वाटलं.

आणि दार. दाराचा नियम मोठ्या बाईंनी फळ्यावर लिहून समजावला. टकटक करा. आपण कोण ते सांगा. साठ आकडे मोजा. पुन्हा टकटक करा. उत्तर आलं नाही तर वहीत 'उत्तर नाही' असं लिहून पुढच्या घरी जा. दुपारी सेवाघरातून आम्ही फोन करू. सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या तुमच्या गळ्यात असतील, पण त्या वापरायच्या दोनच वेळा. एक, ज्याने तसं लिहून दिलं आहे त्याच्याकडे. दुसरं, आत कुणी संकटात आहे असं दिसलं किंवा ऐकू आलं तर.

भागूबाईने हे सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात विसरली.

तिच्या वाट्याला आलेल्या सात घरांपैकी तिसरं घर एका म्हाताऱ्या सुताराचं होतं. तिसऱ्या मजल्यावर, जुन्या लाकडी जिन्याने जायचं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, डाव्या पायाला न भरणारी जखम. भागूबाईने टकटक केली, "सेवाघरातून आले," असं म्हटलं आणि किल्ली फिरवून सरळ आत गेली. ती जिथून आली तिथे टकटक करणं म्हणजे 'मी आले' असं सांगणं. इथे त्याचा अर्थ 'येऊ का' असा होतो, आणि उत्तर 'नको' असंही येऊ शकतं, हे तिच्या हाडात अजून मुरलं नव्हतं. सुतार नुसत्या चड्डीवर, दातांची कवळी पेल्यात, पाय घमेल्यात बुडवून बसला होता.

"बाहेर," तो म्हणाला.

"काका, मी मलमपट्टी करायला..."

"मी तुमचा काका नाही. बाहेर."

दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. सुताराचं पत्र टेबलावर होतं. अक्षर असं की जणू पट्टी लावून कोरलं आहे.

"तुमच्याकडे चालत असेल," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "इथे या माणसांकडे आपलं म्हणावं असं एवढं दारच उरलेलं असतं. ते त्यांनी उघडायचं असतं." मग त्यांनी एक कागद तिच्याकडे सरकवला. "ही लेखी समज. फाइलमध्ये राहील. दुसरी दिली तर तुम्हाला इथे ठेवायचं की परत पाठवायचं, ते समिती ठरवते."

त्या दिवसापासून दार म्हटलं की भागूबाईच्या तोंडाला कोरड पडायची. परत जायचं म्हणजे फलकावरच्या त्या फोटोखालून जायचं. ती साठ आकडे मोजायची, कधी सत्तर, कधी शंभर. भोंगा म्हणायची, "अगं, तू मोजेपर्यंत म्हातारा बरा होऊन फिरायला जाईल."

सुतार हळूहळू निवळला. म्हणजे हसला वगैरे नाही, पण पाय स्टुलावर ठेवून पट्टी सोडू द्यायचा आणि ती काम करत असताना काहीतरी बोलायचा. एकदा तिने सहज म्हटलं, की जिन्याची वरून चौथी पायरी फार करकरते, कुणाला तरी सांगायला हवं.

"खबरदार," तो म्हणाला. "दुरुस्त करायला आलेल्याला मी दोनदा हाकलून दिलं आहे. ती वाजली की मला कळतं कोण आलं, किती दमलं. टपालवाला दाणकन पाय देतो. तुम्ही बाई, तिथे थबकता. चोरासारख्या."

"भीती वाटते," ती म्हणाली.

"कशाची?"

तिने दाराकडे पाहिलं. त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी तिने टकटक केली तेव्हा विसाव्या आकड्यालाच आतून आवाज आला, "या, या. मोजत बसू नका." तिला जिन्यात उभ्या उभ्या हसू आलं होतं.

असे पाच महिने गेले. मग तो मंगळवार आला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. चौथी पायरी करकरली. तिने टकटक केली. "सेवाघरातून आले." साठ आकडे झाले. आवाज नाही. तिने पुन्हा टकटक केली. किल्ल्यांचा जुडगा छातीवर होता, तो तिने मुठीत धरला, उगाच वाजू नये म्हणून.

तेव्हा आतून काहीतरी घासल्याचा आवाज आला. दाराच्या खालच्या बाजूने, एकदाच. लाकडावर रबर ओढल्यासारखा.

ती ऐकत राहिली. तिचा स्वतःचा श्वास तिला ऐकू येत होता, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ चालला होता. खुर्ची सरकवली असेल. आज नको आहोत आपण. रागावले असतील. काल पट्टी जरा घट्ट झाली होती का? किल्ली लावली आणि ते परत तसेच बसलेले असले तर दुसरं पत्र, दुसरी समज. आवाज पुन्हा आला तर लावू, असं तिने ठरवलं. आवाज पुन्हा आला नाही. तिने डोळे मिटले, दाराच्या चौकटीला हात लावून मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि खाली उतरली. चौथी पायरी वाजली. वहीत तिने लिहिलं: नऊ चौदा, उत्तर नाही.

पुढचं घर एका आंधळ्या म्हातारीचं होतं. तिचे केस विंचरायचे असत.

"आज तुझे हात बर्फासारखे आहेत," म्हातारी म्हणाली.

"बाहेर थंडी आहे."

"थंडी कालही होती. आणि तू एकाच जागी सारखी फणी फिरवते आहेस. तिथे आता टक्कल पडेल."

भागूबाईने फणी खाली ठेवली. मग उचलली. तिने म्हातारीचा नाश्ता केला, गोळ्या दिल्या, अंथरूण बदललं. हात चालले होते आणि कानात तो एकच आवाज परत परत घासला जात होता. खुर्चीचा नव्हता तो. सुताराच्या घरी रबर लावलेली एकच वस्तू होती, त्याची काठी. आणि काठी टेकवली की टक असा आवाज येतो. ती घासली जाते कधी? कुणी जमिनीवरून ओढली तर. हे तिला उशीची खोळ घालताना सुचलं, आणि खोळ अर्धी तशीच सोडून ती निघाली.

रस्त्याने ती धावली. पोचली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. टकटक न करता तिने किल्ली घातली. ती चुकीची होती. दुसरी घातली, तीही चुकीची. तिसरी फिरली, पण दार पुरतं उघडेना. आत काहीतरी अडत होतं. फटीतून तिला हात दिसला.

सुतार दारापाशीच पडला होता. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, अंगावर नुसता पायजमा आणि बनियन, फरशी थंडगार. डाव्या हातात काठीचं टोक. डोळे उघडे होते आणि ते तिच्यावर खिळले होते. दाराच्या तळाला रबराची काळी रेघ उठली होती.

रुग्णवाहिका आली, इस्पितळ झालं. मेंदूला झटका आला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ पडले असतील?"

"काल सकाळी नऊला बरे होते," भागूबाई म्हणाली. ते खरंच होतं.

"आज?"

"नऊला गेले तेव्हा दार उघडलं नाही. म्हणून नंतर पुन्हा गेले."

"म्हणजे रात्रीपासून ते आता, कधीही." डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं. "तुम्ही परत गेलात म्हणून हाती लागले. दुपारच्या फोनपर्यंत थांबला असतात तर संपलं होतं."

"लवकर आणलं असतं तर?"

"कधी पडले तेच माहीत नाही. काय सांगणार?"

नऊ वाजून बारा मिनिटांनी तो पडलेला होता, शुद्धीत होता आणि दाराशी आला होता, एवढं भागूबाईला माहीत होतं. तिने जीभ टाळूला चिकटवून धरली. डॉक्टरीणबाई निघून गेल्या.

शिक्षा झाली असती तर सोपं गेलं असतं. झालं उलटंच. मोठ्या बाईंनी वही पाहिली: नऊ चौदा, उत्तर नाही, अकरा चाळीस, पुन्हा गेले. नियम पाळला होता आणि नियमाच्या पलीकडे जाऊन माणूस वाचवला होता. रविवारी मंडळीसमोर तिला उभं केलं गेलं, तिच्यासाठी देवाचे आभार मानले गेले. कुणीतरी तिच्या घरच्या मंडळीला पत्र धाडलं. आईचा फोन आला.

"अगं, पाळकसाहेबांनी तुझ्याबद्दलचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. दादा रडला. मला म्हणाला, आई, आता तिला भागूबाई म्हणायचं नाही."

"म्हणू दे," ती म्हणाली.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे. इथे वारा फार आहे, ऐकू येत नाही नीट." आणि तिने फोन ठेवला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच रोज जा त्यांच्याकडे. ते तुम्हाला ओळखतात." सुताराला सगळं समजत होतं, असं इस्पितळातले सांगत. ऐकू येत होतं, समजत होतं, फक्त शब्द तोंडाशी येत नव्हते. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी भागूबाईला चित्रांचे पत्ते दिले: कप, चमचा, चपला, खिडकी, दार, किल्ली, असे चाळीस. रोज तासभर एकेक दाखवायचा, शब्द सावकाश म्हणायचा, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचा.

म्हणजे जो माणूस बोलायला लागला की आपलं सगळं उघडं पडणार, त्याला बोलायला शिकवायचं काम तिच्याच गळ्यात आलं होतं.

तो एकटक तिच्याकडे बघायचा. त्या नजरेत राग आहे की आणखी काही, हे तिला कळत नव्हतं, आणि न कळण्याचीच जास्त भीती होती. त्याने चौथी पायरी ऐकली असणार, दोन्ही वेळा. येतानाची आणि जातानाची. दुसऱ्या आठवड्यात तो "कप" म्हणाला. ती टाळ्या वाजवून "शाबास" म्हणाली आणि बाहेर जाऊन न्हाणीघरात उलटी करून आली. चौथ्या आठवड्यात बारा शब्द झाले. ती संध्याकाळी खोलीत बसून बोटांवर मोजायची, की 'बाहेर', 'काठी', 'आवाज' अजून आलेले नाहीत.

आणि दाराचा पत्ता तिने गठ्ठ्यातून काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. किल्लीचाही. हे तिने पहिल्याच दिवशी केलं होतं.

शिकवणाऱ्या बाईंनी एक दिवस पत्ते मोजले. "अडतीसच आहेत. दोन कुठे गेले?"

"शोधते," भागूबाई म्हणाली. तिचे कान तापले होते. बाई गेल्या. तिने मान वर केली तेव्हा सुतार तिच्याकडे बघत नव्हता. तो खुंटीला टांगलेल्या तिच्या कोटाकडे बघत होता. पत्ते काढताना त्याने तिला पाहिलं होतं. त्या पहिल्याच दिवशी.

त्याने डावा हात खाली सोडला, पलंगाला टेकवलेली काठी चाचपून धरली आणि तिचं रबराचं टोक फरशीवरून ओढलं. सावकाश, एकदाच.

तोच आवाज.

भागूबाई खुर्चीवरून उठली. दाराकडे दोन पावलं गेलीही. बाहेर व्हरांड्यात कुणी भांड्यांची गाडी ढकलत होतं, तिकडे मिसळून गेलं की झालं, एवढंच तिच्या मनात होतं. मग ती थांबली. एकदा ती अशीच जिना उतरली होती, तेव्हाही पाय असेच चालले होते. ती कोटापाशी गेली, खिशातून दोन्ही पत्ते काढले आणि त्याच्या पांघरुणावर ठेवले.

"ऐकलं होतं मी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो स्वतःचा वाटला नाही. "तुम्ही काठी घासलीत ते मला ऐकू आलं. किल्ली हातात होती. तुम्ही रागवाल, पत्र लिहाल, मला परत पाठवतील, म्हणून लावली नाही. मी तुमच्यासाठी प्रार्थना केली आणि निघून गेले. अडीच तास तुम्ही तसेच होतात. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही."

 सुताराने दाराच्या पत्त्यावर बोट ठेवलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला. ती वाट बघत राहिली. मदतीला शब्द पुढे करायचा धीर तिला झाला नाही.

"उशीर," तो म्हणाला.

हा शब्द चाळीस पत्त्यांत नव्हता.

"हो," ती म्हणाली. "उशीर केला."

त्याने मान हलवली, झालं एवढंच म्हणायचं होतं, अशी. पुढे काही नाही. माफ केलं नाही, हाकललंही नाही. मग त्याने पांघरूण सरकवून डावा पाय बाहेर काढला. जखमेची पट्टी बदलायची वेळ झाली होती. भागूबाईने हात धुतले आणि पट्टी सोडायला घेतली. दोन वेळा गाठ सुटली नाही.

तिथून ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. वाटेत थांबले तर जाणं होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बसा म्हटल्यावरही ती बसली नाही. सगळं उभ्यानेच सांगितलं.

मोठ्या बाईंनी पेन बंद केलं. "आज का सांगता आहात? त्यांनी काही म्हटलं?"

"त्यांनी फक्त उशीर म्हटलं."

"तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"त्यांना कळलंच होतं. आणि त्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी आभार मानले ना, तेव्हापासून मी देवळात मागे बसते. डोळे मिटून हात जोडले की मला त्यांचं दार दिसतं."

मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "ती पहिली समज मी तुम्हाला फार कडक दिली होती का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कागद पुढे ओढला. "दुसरी द्यावी लागेल. समिती शुक्रवारी बसते. तिथे तुम्हाला स्वतः बोलावं लागेल."

शुक्रवारपर्यंत भोंगा तिला रोज जबरदस्तीने सूप पाजत होती. "परत पाठवलं तर पाठवलं," ती म्हणाली. "मला नीट झोप लागेल. घोरताना सारखं वाटतं, तू उठून बसली आहेस आणि ऐकते आहेस."

"बसलेलीच असते."

"तेच तर."

समितीत पाच जण होते. भागूबाई बोलली तेव्हा गुडघे टेबलाच्या पायाला आपटत होते आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. त्यांनी तिला परत पाठवलं नाही. घरभेटी तीन महिने बंद, तोवर धुलाईखाना. आणि तिच्या घरच्या मंडळीला जे पत्र गेलं होतं, त्याच्या मागोमाग तिने स्वतः दुसरं पत्र लिहावं, झालं तसं. ते पत्र लिहायला तिला नऊ दिवस लागले. आईचा फोन आला. ती म्हणाली, "हे पत्र पाळकसाहेबांनी नाही, मीच वाचून दाखवलं. उभी राहून. पाय लटपटत होते." आणि पुढे म्हणाली, "फोटो काढलेला नाही हं कुणी."

तीन महिने तिने चादरींना घड्या घातल्या. सुतार तोवर घरी आला होता, एका हाताने काठी धरून चालू लागला होता. त्याच्याकडे दुसरी मदतनीस जात होती. या दुसरीबद्दल तो काही तक्रार करत नव्हता, पण तिनेच भागूबाईला सांगितलं की तो रोज चौथी पायरी वाजली की दाराकडे बघतो आणि ती आत आली की तोंड फिरवतो. तिसरा महिना संपत आला तेव्हा सेवाघरात एक कागद आला. डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं: किल्ली कधीही लावावी. खाली सही. कुणाच्या नावाने लिहिलं आहे ते त्यात नव्हतं.

भागूबाई तिथे दोन वर्षं राहायला गेली होती. पुढे अकरा राहिली. या अकरा वर्षांत भीती काही गेली नाही. दर दारासमोर ती उभी राहिली की तोंडाला कोरड पडायचीच. फक्त ती आता घाबरली की कान टवकारून ऐकायची, आणि किल्ली आधी कुलपात घालायची, टकटक मागून करायची.

तीन महिने संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी ती जिना चढली. चौथ्या पायरीवर थबकली. पायरी करकरली. दाराच्या तळाशी ती काळी रेघ अजून होती, कुणी पुसली नव्हती. तिने किल्ली घातली, अर्धी फिरवली, टकटक केली.

"सेवाघरातून आले."

एक. दोन. तीन. किल्ल्यांचा जुडगा बारीक वाजत होता. चार. पाच. आतून काहीच नाही. सहा. तिने किल्ली पुरती फिरवली आणि दार ढकललं.

"थांब," आतून सुतार ओरडला. शब्द जरा जड आला, पण पुरा आला. "थांब. चड्डी."

भागूबाईने दार होतं तेवढंच धरून ठेवलं, फटीतून प्रकाश येत राहील एवढं, आणि चौकटीला पाठ टेकून उभी राहिली. आत काठी टक टक वाजत होती, कपाटाकडे जात होती, कपाटाकडून परत येत होती. ती ऐकत राहिली.